हौसाआत्याची हाक

माझ्या आत्याची अर्धी जीभ तिच्या हाताच्या कातडीची होती.

दचकू नका. ती स्वतः सगळ्यांना असंच सांगायची आणि वर तोंड उघडून दाखवायची. जेवणाच्या पंगतीतसुद्धा!

आज हौसाआत्याला जाऊन वर्ष झालं.

पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत ती आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, राहायचे. थोडी भाताची खाचरं, शेरडं आणि चांदरी नावाची म्हैस. मूलबाळ नाही. त्यामुळे चांदरीचे लाड काही विचारू नका.

संध्याकाळी आत्या बांधावर उभी राहून हाक मारायची, "चांदरीऽऽ, ये गो येऽऽ!"
की समोरच्या उतारावरून म्हैस डुलत डुलत घरी.

मामांनी हाक मारली तर नुसती मान वर करायची आणि परत चरायला लागायची.
मामा म्हणायचे, "या घरात माझं कोन म्हनून ऐकत नाय."

आत्याला रोज सकाळी मिश्री लावायची सवय. भाजलेल्या तंबाखूची. जिभेच्या कडेला फोड आला, तो जाईना. पण तिने कोणाला सांगितलंच नाही. कारण काय, तर मी!

मी पुण्यात एका लॅबमध्ये काम करते. हळदीतला एक घटक कॅन्सरच्या पेशींवर टाकून काय होतं ते बघायचं, हे माझं काम. आत्याने ते ऐकून अख्ख्या वाडीला सांगितलं होतं, "आमच्या भाचीनं हळदीतनं कॅन्सरचं औषध काढलंय."
आणि बाईसाहेब फोडावर हळद दाबून बसल्या. महिनोन्महिने!

गणपतीत गेले तर हिचे दात पिवळेधमक. मी भडकलेच.
"आत्या, अगं वेडी आहेस का तू?"
"तुझंच तर औषध हाय. पेशी मरतात म्हनलीस ना?"
"काचेच्या बशीत मरतात गं! खाल्लेली हळद रक्तात जेमतेम पोचते. ती पोचवायची कशी, हेच तर आम्ही अजून शोधतोय."
"म्हंजे तुझी विद्या बशीपुरती."

खरंच होतं ते.

महाडच्या डॉक्टरांनी बघताक्षणी मुंबईला पाठवलं. तुकडा तपासला. कॅन्सरच.

सर्जनने नीट समजावलं. अर्धी जीभ काढायची. डाव्या हाताची कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलून तिथे बसवायची आणि मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक टाके घालून, त्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. मी भारावून ऐकत होते.

आत्याने एकच विचारलं, "मंग चांदरीला हाक मारता येल काय?"

डॉक्टर म्हणाले, "बोलता येईल, आजी. पण पहिल्यासारखं नाही."

"मंग नको." पिशवी उचलली आणि चालायला लागली.

मी हातापाया पडले, ओरडले, रडले. ढिम्म! तिची हाक गेली तर तिच्याजवळ राहिलं काय, एवढंच ती म्हणत होती.

शेवटी मामा बोलले. जन्मात आवाज न चढवलेला माणूस, हॉस्पिटलच्या पायरीवर तिच्यासमोर उकिडवा बसला. "हाक नसली तर नसली. मी धावंन म्हशीमागं. पन ती घरी येऊन बघंल कोनाकडं?"

आत्याने पिशवी खाली ठेवली. मला म्हणाली, "आधी माझी हाक मोबाईलात धरून ठेव."
पार्किंगमध्ये उभी राहून अशी काही हाक मारली की वॉचमन धावत आला.

ऑपरेशन झालं. तिच्या डाव्या हातावर लहानपणी गोंदलेली तुळस होती, ती कातडीबरोबर तोंडात गेली. आरशात बघून आत्या म्हणाली, "बरं झालं. मरताना कोनाला तुळस शोधाया लागनार नाय."

रेडिएशन वगैरे उरकून थंडीत घरी आली. पहिल्याच संध्याकाळी बांधावर.
"तांदयीऽऽ, ये गो येऽऽ!"

चांदरीने मान वर केली, बघितलं आणि परत चरायला लागली.

आत्या मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. एवढ्या ऑपरेशनला रडली नव्हती.
मी म्हटलं, "रेकॉर्डिंग लावू?"
"नको. आता माझा आवाज ह्योच. शिकंल ती."

मग रोज आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या पेंडीची बादली घेऊन बांधावर. रोज तीच बोबडी हाक. शिमग्याला मामांचा फोन आला, स्वतःच गदगदलेले, "आली गो पोरी! हाकेसरशी आली!"

त्यानंतर चांगली वर्षं मिळाली तिला. खूप बोलली. माझ्या बशीची चौकशीही करायची. मग तो मेला कॅन्सर परत आला, फुफ्फुसात.

ती गेली तेव्हा कोणीतरी तुळशीपत्र आणायला धावलं. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिची तिच्याजवळ हाय."

त्या संध्याकाळी चांदरी घरी येईना. मामांनी हाक मारून बघितली. नाही. मला रेकॉर्डिंग आठवलं. फोन उंच धरून फुल आवाजात लावलं. आत्याची जुनी, खणखणीत हाक. वाडीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

चांदरीने मानसुद्धा वर केली नाही. तो आवाज आता तिच्या ओळखीचाच नव्हता.

मामा बांधावर गेले. घसा खाकरला. अख्खी जीभ शाबूत असलेल्या त्या माणसाने हाक मारली,
"तांदयीऽऽ, ये गो येऽऽ!"

आली.

आज वर्षश्राद्धाला सगळे वर जमलो होतो. म्हशीला आता चांदरी कोणीच म्हणत नाही. संध्याकाळी मामांचे गुडघे दुखत होते, म्हणून बांधावर मी गेले. तुझ्यासारखीच बोबडी हाक मारली, आत्या.

माझी विद्या अजून बशीपुरतीच आहे गं.
पण म्हैस घरी आली. तू निवांत झोप.