हॅपी काय?

काल केकच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई होत्या. क्रीमचा कोन हातात धरून दुकानदारानं त्यांना विचारलं, "हॅपी काय लिहू? बर्थडे की ॲनिव्हर्सरी?"

"दोन्ही नाही हो! आमच्या सासूबाई आज पोहायला शिकल्या. पासष्टाव्या वर्षी! कुणी धरलेलं नसताना तरंगल्या!"

दुकानदाराचा हात हवेतच थांबला. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! खरंच की, इंग्रजीतला हा हॅपी आपल्याकडे कधी एकटा येतच नाही. त्याच्यामागे वाढदिवस नाहीतर दिवाळी लागतेच. 'डिलाइटेड' समारंभातल्या भाषणापुरता. 'जॉय' शाळेच्या धड्यात भेटला, पुन्हा दिसला नाही. घरात आपण 'बरं वाटलं' एवढ्यावर सगळं भागवतो. ताप उतरला, बरं वाटलं. लेक आली, बरं वाटलं. पण सासूबाई चक्क पाण्यावर तरंगल्या, त्याला नुसतं 'बरं' कसं पुरेल?

"हॅपी लिहा, आणि पुढे आई," बाई म्हणाल्या.

त्यानं तसं लिहिलं. हॅपी आई! केक खोक्यात जाईपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

मग माझी पाळी आली. मीही माझ्या आईसाठीच केक न्यायला आलो होतो.

"तुमचा केक बर्थडेचाच ना?" दुकानदारानं विचारलं.

"हो," म्हणता म्हणता मी थांबलो आणि घरी फोन लावला. "आई, तुझं काय शिकायचं राहिलंय गं?"

आई जवळजवळ ओरडलीच, "स्कूटर!"