करंगळीने खेळणारे भाऊ

चंद्रपुरातल्या आमच्या छोट्या गेम स्टुडिओखाली एका भाऊंचा पानठेला आहे. बोटांना सतत कात लागलेला, म्हणून ते मोबाइलवर करंगळीने खेळतात. सिनेमावरचा आमचा साहसी गेम त्यांनी निव्वळ हिरोपायी खेळून संपवला आणि मग आमचा जुना, कुणीच न विचारलेला जंगलाचा गेम उघडला. दुसऱ्या दिवशी मला जिन्यापाशीच अडवलं.

"काऊन जी, तुमच्या गेममधली पोरगी भरदुपारी मोहफुलं येचून राह्यली? पहाटे येचा लागते. उन्ह चढलं का ढोरं खाऊन जातेत!"

"चुकलंच, भाऊ."

"सिनेमात काईबी चालते. पण हे जंगल तं आपलं आहे ना?"

आम्ही गेममध्ये पहाट केली. आता पान बांधून झालं की ते करंगळीनेच मोबाइल गिऱ्हाइकापुढे सरकवतात आणि म्हणतात, "हा आमचा गेम. खेळून पाहा."