पत्त्यांच्या नावाखाली रंगवलेली गाडी

त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. खरं नाव फक्त बायकोला आणि बँकेला माहीत. गाड्यांना रंग देण्यात त्याने एकतीस वर्षं घालवली होती आणि घाई करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच शब्द ऐकवला होता. तोच शेवटी त्याला चिकटला.

टायरच्या दुकानामागे त्याची पत्र्याची शेड होती. पुढच्या भागात ठोकाठोक आणि घासकाम, मागे प्लास्टिकच्या जाड पडद्याआड रंगाची खोली. धूळ उडू नये म्हणून तिथली जमीन कायम ओली असायची. सावकाशचा हात बसलेला होता, आणि तोंड त्याहून पक्कं होतं. दुसऱ्याच्या कामाला त्याने चांगलं म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फार खूश झाला तर 'चालेल' म्हणायचा.

एका मंगळवारी सकाळी शेडच्या तोंडाशी पिवळीधमक स्पोर्ट्स कार येऊन थांबली. दोन दारांची, बुटकी, जमिनीला टेकल्यासारखी. आतून अंगभर स्वेटर घातलेल्या, सत्तरीला टेकलेल्या एक बाई दार धरून, दम खात बाहेर आल्या. सीटवर त्यांची उशी तशीच राहिली. बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर, आठ महिन्यांपूर्वी गेले होते.

"हिला पांढरी करून द्या," बाई म्हणाल्या. "विकायची आहे. जुन्या गाड्यांचा तो डीलर म्हणतो, पिवळी कुणी घेत नाही. पांढरी करा, लगेच जाईल."

"विकायचीच आहे का?"

"बसता येतं मला. उतरताना कुणाचा तरी हात लागतो. द्यायचे ते गेले."

सावकाशने गाडीला एक चक्कर मारली. "कागदांवर पिवळाच रंग आहे?"

"हो. घेतली तेव्हा हिरवी होती. मग चार वर्षं कुठल्याशा गॅरेजात पडून होती, तिथूनच यांनी पिवळी करून आणली. कागदही बदलून घेतले."

सावकाशचं तोंड वाकडं झालं. "म्हणजे एकदा रंग बदलून झालाय. बाई, स्पष्ट सांगतो. अशा गाडीचा मूळ रंग बदलला की गिऱ्हाईक बिचकतं. ठोकली असेल, काहीतरी लपवलं असेल, असं पहिलं डोक्यात येतं. किंमत तिथेच पडते. आणि तुम्ही म्हणता तिसरा रंग द्या."

"डीलर तर म्हणाला वाढेल."

"डीलरला त्याच्या दुकानात उभी करायला सोपी जाईल, एवढंच. ठेवून जा. बघतो आणि सांगतो. सावकाश."

बाई रिक्षाने गेल्या आणि तो हिरवा रंग शोधायला बसला. आळशी कारागीर जुना रंग कुठे विसरतो, हे त्याला पाठ होतं. दाराचं रबर उचललं, खाली पिवळा. पेट्रोलच्या झाकणामागे बोट घातलं, तिथेही पिवळा. डिकीतला गालिचा काढला, बिजागऱ्यांच्या खाचेत टॉर्च मारला, स्क्रूची डोकी पाहिली. हिरव्याचा ठिपकासुद्धा सापडेना. मग त्याने रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. बॉनेटवर टेकवलं, टपावर टेकवलं, दोन्ही दारांवर टेकवलं. आकडा जागचा हलेना म्हणा ना. हाताने मारलेल्या रंगात असं होत नाही. कुठे ना कुठे हात जड होतोच. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने शेजारच्या गॅरेजातून दुसरं मागून आणलं. तेही तेच सांगू लागलं.

सावकाश पालथ्या डब्यावर बसला. चहा आला, निवला, वर साय धरली. एकतीस वर्षांत त्याच्या हातून असा एक दरवाजा झाला असेल, फार तर दोन. इथे अख्खी गाडी होती. हे कुणी केलं असेल? गावातल्या प्रत्येक रंगाऱ्याचा हात तो ओळखत होता. हा त्यांतल्या कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या दाराचं आतलं आवरण उघडलं आणि पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. बारीक, तिरक्या, एकमेकांत घुसलेल्या ओळी, वरपासून खालपर्यंत. उजव्या दारात तसंच. त्याने चष्मा पुसला, टॉर्च धरला, पण एक अक्षर लागेल तर शपथ. औषधाच्या चिठ्ठीसारखं होतं. आणि हा विचार डोक्यात आला तसा तो उठून फोनपाशी गेला.

बाई आल्या. दारापुढे स्टुलावर बसल्या आणि ओळींवर वाकल्या.

"यांचं अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "केमिस्टलाही लागायचं नाही. मलाच फोन करून विचारायचा."

"वाचता का जरा?"

बाईंनी बोट ठेवून वाचायला घेतलं, वर्गात वाचावं तसं. "'डावं दार. तिसरा हात. फळीवरून. ओघळ आला. सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून.' पुढच्या रविवारी, 'धूळ बसली. पुन्हा.' त्याच्या पुढच्या, 'हवा दमट. नुसतं घासलं. चार तास.'" त्या थांबल्या. "रविवारी हे पत्ते खेळायला जायचे. एका मित्राकडे."

"किती वर्षं?"

"चार." त्यांनी खालची ओळ वाचली आणि त्यांना हसू फुटलं. "'पिवळा रंग दोन डबे आणला. हिला सांगितलं, आज खूप हरलो.' काय माणूस आहे बघा. मी म्हणायचे, चार वर्षं खेळताय, एकदा तरी जिंका."

हसता हसता त्यांनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. सावकाशने उगाचच पॉलिश पेपरची थप्पी सारखी केली.

"म्हणजे गॅरेजात रंगवलीच नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी रंगवली. दातांचं काम करणारा माणूस, हात स्थिर असणारच. तरीपण…"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "हात थरथरायला लागले म्हणून तर दवाखाना बंद केला. त्यानंतरच ही गाडी घेतली. घरी चहाचा कप अर्धा भरून द्यावा लागायचा त्यांना."

सावकाशने पिवळ्या पत्र्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे. थरथरत्या हातात रंग फवारायची गन काय करते, हे त्याला ठाऊक होतं. एकदा ताप अंगावर काढून त्याने एक टप रंगवला होता आणि तो सगळा खरवडून काढावा लागला होता.

"फळीवरून म्हणजे काय?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? पत्त्यांच्या मित्राला विचारू."

त्या मित्राचं गावाबाहेर लाकडाचं गोदाम होतं. बाईंना पाहून म्हातारा पहिल्यांदा वरमला. "वहिनी, गाडी गॅरेजात नाही, इथेच होती. त्याने शपथ घातली होती. हात बरे नसताना हे करतोय कळलं तर तुम्ही करू देणार नाही, म्हणायचा."

"नसतंच करू दिलं," बाई म्हणाल्या. "दाखवा."

मागच्या बाजूला ताडपत्रीखाली ती वस्तू होती. दोन उभ्या खांबांमध्ये आडवी फळी, वरखाली करता येणारी. फळीला खाच, खाचेत चार चाकांचा छोटा गाडा, गाड्यावर गन आवळून बसवायची जागा. हाताने फक्त दोरी ओढायची. गन आपोआप एका रेषेत, एका अंतरावरून सरकणार. बॉनेटसाठी वेगळी, कमानीसारखी वाकवलेली फळी होती. टपासाठी आणखी एक. गाडीच्या प्रत्येक वळणाची फळी त्या माणसाने कापली होती, तासली होती. भिंतीला अशा बावीस फळ्या ओळीने टेकून उभ्या होत्या.

सावकाशने दोरी हळूच ओढली. गाडा आवाज न करता सरकला. त्याने पुन्हा ओढली. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय, असं त्याला वाटलं आणि त्याने पायातल्या चपला बाजूला काढून ठेवल्या. का काढल्या ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"कापायला मी मदत करायचो," म्हातारा म्हणाला. "हात हलला की थांबायचा, दोन मिनिटं बसायचा, पुन्हा लागायचा. चिडला असं कधी झालं नाही. मीच चिडायचो. म्हणायचो, अरे दे ना कुणालातरी रंगवायला. तर म्हणे, दात बसवताना लोकांनी तोंड उघडून माझ्यावर विश्वास ठेवला. आता माझा माझ्यावर राहिलाय का, ते बघू दे."

परतीच्या वाटेवर शेड जवळ आल्यावर सावकाशने घसा साफ केला.

"बाई, पांढरी मी करणार नाही."

"माहीत आहे."

"पैशाच्या हिशेबानेही करू नका. मूळची हिरवी असती तर सगळ्यांत जास्त आले असते. त्याहून पिवळीचे थोडे कमी येतील. पण तिसऱ्या रंगाची केलीत तर दोन्हीकडून गेलात. आणि पिवळीला गिऱ्हाईक नाही असं नाही. उशिरा येतं, एवढंच."

पुढचा बंपर थोडा खरचटला होता. तेवढं त्याने केलं. एवढुशा जागेला त्याने नऊ दिवस घेतले, तीनदा घासून काढलं. त्याची बायको डबा घेऊन आली, तर हा बंपरपुढे गुडघ्यांवर बसलेला. "अहो, बंपर आहे की आरसा?" तिने विचारलं.

"शेजारी काय आहे बघ," तो म्हणाला. "लाज वाटायला नको."

गिऱ्हाईक यायला साडेतीन महिने लागले. जहाजावर इंजिनिअर असलेली एक मध्यमवयीन बाई आली. तिनेही स्वतःचं यंत्र आणलं होतं. ठिकठिकाणी टेकवून तिने संशयाने विचारलं, "कागदांवर तर रंग बदललाय. मग हे कारखान्याहून बरं कसं?"

बाईंनी सावकाशकडे पाहिलं. त्याने न बोलता डाव्या दाराचं आवरण उघडलं आणि बाईंनी तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. इंजिनिअरबाईने यंत्र पिशवीत टाकलं. डीलर म्हणाला होता त्यापेक्षा बरा भाव तिने दिला. हिरवीला आला असता तेवढा मात्र नाही. घासाघीस दोघींनीही केली नाही.

"आतलं पुसू नका," बाई एवढंच म्हणाल्या.

"वाचता येत नसलं तरी?"

"अडलात तर फोन करा."

गाडी रस्त्याला लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. बाई स्टुलावर बसल्या. सावकाशने त्यांना चहा दिला, स्वतःलाही घेतला.

"कसं होतं हो काम?" बाईंनी विचारलं. "तुमच्या नजरेने सांगा. मला त्यातलं कळत नाही."

सावकाशने कप खाली ठेवला. आत कॉम्प्रेसर घरघरत होता, टायरवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"मला येणार नाही तसं," तो म्हणाला.