हौशीरामाची हरळी

हौशीरामाच्या पायाला जणू भोवरा बांधला होता. नवलाख उंबरे गावातलं वावर कारखान्याच्या जागेत गेलं, गुरं विकली, अन पोरगा प्रदीप त्याला तळेगावच्या फ्लॅटात घेऊन आला. पोरगा गुणाचा. बापाला पलंग दिला, पंखा दिला, टीव्ही दिला. पण हौशीराम पलंगावर बसला की उठायचा, उठला की ग्यालरीत, तिथनं परत सैपाकघरात. रात्री डोळ्याला डोळा नाही. दिवसा बायकोनं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसायचा.

"अवो, जरा बूड टेकवा कुटंतरी," सरूबाई म्हणायची. "तुमच्याकडं बघून मलाच गरगरतंय."

डॉक्टरनं गोळी दिली अन सांगितलं, रोज खाली बागेत बसत जा, मन रमेल.

हौशीराम बागेत बसला. कडेनं जास्वंद, मधोमध हिरवंगार गवत. त्यानं वाकून बघितलं अन त्याच्या अंगावर काटाच आला. हरळी! जी खणता खणता बापाची कंबर मोडली, त्याची अर्धी मोडली, ती हरळी हितं राजरोस पसरलेली. गणपतीच्या जुडीपुरती ठीक, पण एवढी? माणसं शेजारनं चालतायत, अन कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

त्यानं बाकाखालची एक कांडी उपटली. मग दुसरी. दुसऱ्या दिवशी घरनं खुरपंच आणलं. मुळीचा माग काढत गुडघ्यावर सरकत राहिला. पाठीवर ऊन आलं, नखांत माती गेली, त्याला पत्ता नाही. दुपारी जेवता जेवताच पेंगला. गोळीनं जे झालं नव्हतं ते हरळीनं केलं. माळी गुलजार भाचीच्या लग्नाला घोरावाडीला गेलेला. लोकांना वाटलं, हा बदलीचा माणूस असेल.

रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरी अनिताताई दारात आल्या.

"प्रदीप, तुझ्या वडिलांनी लॉन उपटून टाकलंय."

"लान म्हंजी?" हौशीरामानं विचारलं.

"गवत हो, आबा. मुद्दाम लावलेलं."

"हरळी? मुद्दाम?" हौशीरामाला वाटलं, बाई थट्टा करतीय.

त्या गेल्यावर प्रदीप वर न बघता म्हणाला, "आबा, आता खाली जायचं नाही. मला इथं राहायचंय."

झालं. बाग गेली तशी झोपही गेली. हौशीराम पुन्हा खोल्या मोजायला लागला. कुंडीतल्या तुळशीची माती उकरत बसला, ती पार मुळं दिसेपर्यंत. सरूबाईनं कुंडीच उचलून फ्रिजवर ठेवली.

शेवटी प्रदीप कामाला गेल्यावर तो जिना उतरला. गुलजार उघड्या जमिनीकडं बघत कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काय आबा, माझ्या पोटावरच पाय दिला की."

"मला काय ठाव, भाऊ? आमच्यात कुणी हरळी लावली तर त्येला पोरगी द्यायचे न्हाईत."

गुलजार हसला. "माझा बा बी शेतकरीच. मलाबी पैल्यांदा लाज वाटलेली."

"मला कायबी काम दे. घरात जीव जाईल माझा."

"काम हाय. अनिताताईंना मी सांगतो. पर तुमाला जमंल का?" गुलजारनं ओलं गोणपाट उलगडलं. आत हरळीच्या कांड्या होत्या. "ह्या लावायच्यात."

हौशीरामाचा हात मागं आला. त्यानं उंबऱ्याचं कुणी बघत नाही ना म्हणून चारी बाजूंनी नजर फिरवली. बापाची आठवण आली, ती त्यानं मान झटकून घालवली. मग खाली बसला अन पहिली कांडी मातीत दाबली.

संध्याकाळी प्रदीप फाटकातून आत आला. बाप गुडघ्यावर, शेजारी अनिताताई उभ्या. आता पुन्हा तक्रार, असं वाटून तो धावत जवळ गेला अन काही बोलणार, तोच हौशीराम खेकसला, "ए, पाय काढ. नवी लागण हाय."

अनिताताई तोंडाला पदर लावून हसल्या. प्रदीपनं पाय काढला.

त्या रात्री हौशीराम गाढ झोपला. फटफटायच्या आत मात्र उठून बसला.

"आता काय?" सरूबाईनं विचारलं.

"कडंच्या कांड्यांला पानी कमी पडलं आसंल," म्हणत तो अंधारात चपला चाचपायला लागला.