आत्याची चूलबंद समिती

सही करण्याआधी कागद वाचणारी अख्ख्या धुळे जिल्ह्यात एकच बाई आहे आणि ती माझी आत्या आहे. हे मी अभिमानाने सांगतोय असं नाही. बँकेत, रेशन दुकानात तिच्यामागे ताटकळलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. टॉनिकच्या बाटलीवरचा बारीक मजकूर ती भिंग धरून वाचते आणि औषध घ्यायचं की नाही ते मग ठरवते. अशा बाईचं नाव तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत कुणी घातलं, त्या माणसाला मी आजही शोधतोय.

समितीची रीत सोपी होती. बैठक कागदावरच व्हायची आणि शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करायचा. आत्याने रजिस्टर ठेवूनच घेतलं. "जी बैठक व्हयनीच नही, तिन्हामा मी हजर कशी?" शिपाई बिचारा पुढच्या वेळी खरोखरीची नोटीस घेऊन आला. आता आमच्याकडे आमंत्रण आलं की ते एकट्याचं की चूलबंद, हे आधी विचारून घेतात. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आत्याने सवयीने विचारलं, "निवतं एकलानं शे का चूलबंद?" शिपाई वैतागून म्हणाला, "चूलबंद अक्का, चूलबंद!" आत्याचं घर म्हणजे तिची अख्खी गल्ली. कापूस वेचणाऱ्या चौदा बायका घेऊन ती बैठकीला गेली. गाडी माझी होती, म्हणून चहा मलाही मिळाला.

मागणी एकच होती. केसपेपरची खिडकी बाराला बंद व्हायची आणि बायका शेतातून परतायच्या तीनला. शेजारची शेवंता त्यापायी बीपीच्या गोळ्यांशिवाय महिनेच्या महिने काढत होती. आठवड्यातून एक दुपार तरी खिडकी उघडा, एवढंच आत्याचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, "वर विचारावं लागेल."

"इचारा. मी बठी ऱ्हासू."

ती दोन वर्षं बसली. प्रत्येक बैठकीला गेली, भांडली, डॉक्टर बदलले की पुन्हा पहिल्यापासून सांगत राहिली. एवढा हट्ट बरा नव्हे, असं घरचे म्हणत. मीही म्हटलं होतं, त्याची आता लाज वाटते. शेवटी गुरुवारची दुपार मंजूर झाली. पण त्याआधी दीड महिना शेवंताला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला.

पहिल्या गुरुवारी आत्या तिला धरून खिडकीशी घेऊन गेली. एक नंबरचा केसपेपर शेवंताच्या नावाने निघाला. तो हातात घेऊन आत्या तिथेच उभी राहिली.

"मले उशीर व्हई गया, शेवंता."

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेवंताने डाव्या हाताने तिला हळूच बाजूला ढकललं. जीभ अजून जड होती, तरी शब्द कळले.

"सरक अक्का. मांगे बाया उभ्या शेतस."