काज-बटण धरून

लातूरला एका खासगी रुग्णालयात नर्स म्हणून लागले, तेव्हा माझ्या पगाराचे दोन आकडे होते. एका आकड्यापुढे रजिस्टरात सही करायची आणि दुसरा पाकिटातून घरी न्यायचा. काम रुग्णालयाचं, पण पगार एजन्सीकडून. आम्ही कागदोपत्री ठेक्यावरच्या. दर महिन्याला एजन्सीचा माणूस रजिस्टर घेऊन यायचा आणि आम्ही रांगेनं सह्या करायचो. मधला फरक कुठं गेला असं कुणी विचारलंच, तर तो एवढंच म्हणायचा, ‘टॅक्स.’ की आमची बोलती बंद. सलाईनचे थेंब मिनिटाला किती हे झोपेतही सांगणाऱ्या आम्ही बाया, पण टॅक्स म्हटलं की सरकार आलं, आणि सरकारशी कोण भांडणार?

एकदा मी तोंड उघडलं, तर शेजारच्या सिनियर सिस्टरनं कोपर मारलं. “गप सही कर. लई शानी झालीस तर उद्यापासून यिऊ नको म्हनंल त्यो.” मी सही केली. त्या सहीचा मला आजही राग येतो, आणि तो एजन्सीवाल्यापेक्षा माझाच जास्त येतो.

चौथ्या वर्षी स्कूटीसाठी कर्ज काढायला निघाले. बँकेनं रिटर्न मागितलं, म्हणून कर सल्लागाराकडे गेले. त्यानं माझा पॅन नंबर टाकला, चष्मा वर केला आणि सांगितलं, की माझ्या नावावर एक रुपयाही टॅक्स जमा झालेला नाही. शिवाय माझ्या एवढ्याशा पगारावर टॅक्स बसतच नव्हता. भरला असता तरी परत मिळाला असता. मी तशीच एजन्सीच्या ऑफिसात गेले. माणूस शांतपणे रजिस्टर उघडून म्हणाला, “पूर्ण पगारावर सही तुमचीच हाय की.” माझीच होती, चार वर्षांची, अक्षरही छान.

माझे अब्बा जळकोटला शिंपी. त्यांच्या दुकानात हातानं रंगवलेली पाटी होती: शर्ट इतके, पँट इतकी, काज-बटण धरून, अस्तर वेगळं. कापडाला कात्री लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाला पाटी वाचून दाखवायचे, गिऱ्हाईक शिकलेलं असलं तरी. आणि कधी अस्तराचं सांगायला विसरले, तर ते अस्तर त्यांच्या खिशातून. आधी सांगितलं नाही ते नंतर मागायचं नाही, हा त्यांचा कायदा. अम्मीला तो मुळीच पसंत नव्हता.

लग्नानंतर नांदेडला आले. काही वर्षं नोकरी केली आणि मग ठरवलं, की नर्सेसची एजन्सी आपणच काढायची. एका झेरॉक्सच्या दुकानावर दहा बाय दहाची खोली घेतली आणि पहिलं काम केलं ते अब्बांच्या पाटीचं. मोठ्या अक्षरांत, मराठीत, एक कागद छापला. रुग्णालय देणार १७,४१६. त्यातले तुमच्या हातात १६,०००. माझी फी १,२००. फीवरचा जीएसटी २१६. तुमच्या पगारातून टॅक्स: काही नाही. हा कागद प्रत्येक मुलीला आधी द्यायचा, सही त्यानंतर.

रुग्णालयांच्या ऑफिसांत कपाळावर आठ्या पडल्या. “मॅडम, हे पोरींना कशाला दाखवता? उगं डोक्याला ताप.” बाकीच्या एजन्सीवाल्यांनी ‘आमची फी शून्य’ अशी जाहिरात केली आणि काही मुली तिकडे गेल्याही. मी हट्ट सोडला नाही. दीड वर्षात अकराजणी झाल्या. त्यातली एक किनवटकडची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली. आधीच्या एजन्सीत तिचाही ‘टॅक्स’ कापला जात होता. तिनं माझा कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मगच सही केली.

आणि मग माझंच चुकलं.

मी समजले होते, जीएसटी फक्त माझ्या फीवर. आधी पगार रुग्णालयंच देत. पण अकराही जणी एका रुग्णालयात लागल्यापासून पगाराचंही बिल मी माझ्या नावानं करत होते, आणि पगार बिलात आला की टॅक्स सगळ्या बिलावर लागतो. चार महिन्यांनी सल्लागारानं हे सांगितलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर ओढला. दर मुलीमागे दर महिन्याला २,८८० रुपये कमी भरले गेले होते. अकरा मुली, चार महिने. सव्वा लाखाच्या वर, व्याज निराळं. एवढा छान कागद छापणारी मी, तो कागदच चुकीचा होता.

रुग्णालयाचा हिशेबनीस ऐकून घेऊन हसला. रुग्णालयाच्या स्वतःच्या बिलांवर जीएसटी नसतो, म्हणून हा टॅक्स त्यांना कुठं वळता करून घेता येत नाही, त्यामुळे ते एक पैसाही वाढवून देणार नव्हते. उपाय मात्र त्याच्याकडे तयार होता. “पोरींच्या पगारातून महिन्याला तीन-तीन हजार काढा. टॅक्स हाय म्हणा. सगळे तेच करून राहिले.” तो खोटं बोलत नव्हता, सगळे तेच करत होते. यावेळी तर टॅक्स खरा होता.

खोटं कशाला सांगू, तो विचार माझ्या मनात दोन दिवस मुक्कामाला होता. तिसऱ्या दिवशी उठले आणि त्याला हाकललं. हिशेबनिसाला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून पगार तुम्ही थेट मुलींच्या खात्यात भरा, मी फक्त माझ्या फीचं बिल देते. नसेल जमत तर माझ्या मुली दुसरीकडे जातील. नर्सेस मिळत नव्हत्या, म्हणून त्यानं कुरकुरत मान्य केलं. मागच्या चार महिन्यांसाठी मी भिशी उचलली. माझा नंबर लांब होता, म्हणून लवकर उचलायला बोली लावून तोटा सोसला. नवरा म्हणाला, “तुझे अब्बा अस्तराचे पैसे सोडायचे, तू तर अख्खा कोटच सोडलास.” मी हसले नाही, मला फार लागलं ते.

रविवारी अकराही जणींना खोलीवर बोलावलं. खुर्च्या चारच होत्या, बाकीच्या सतरंजीवर. काय चुकलं, किती चुकलं, सगळं सांगितलं.  सतरंजीवरच्या त्या ओळीकडे पाहून मला लातूरची रांग आठवली. पहिली किनवटची बोलली.

“म्हंजी आता आमचा कटनार.”

“नाही. एक रुपया कटणार नाही.”

“मंग भरनार कोन?”

“मी. भरलेत.”

मला वाटलं, आता हिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. आभार नाही, पण निदान सुटल्याचा भाव. तिनं पर्स उघडली, घडीच्या खुणा पडलेला तो जुना कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला.

“ते बी याच्यावर लिवा मंग.”

क्षणभर मला राग आला. पदरचे सव्वा लाख घातलेत आणि ही लेखी मागते. मग तिच्याकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली नव्हती, पेन पुढे करून बसली होती. चार वर्षं दर महिन्याला त्या रजिस्टरापुढे मी हेच म्हणायला हवं होतं.

मी लिहिलं: मागील चार महिन्यांचा जीएसटी एजन्सीच्या चुकीमुळे कमी भरला गेला, तो एजन्सीनं भरला, नर्सच्या पगारातून कधीही कापला जाणार नाही. खाली सही केली. तिनं कागद उचलून वाचला, बाकीच्या दहाजणींना वाचून दाखवला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

“तारीख ऱ्हायली, म्याडम.”

मी तारीख घातली.