मायरनच्या गाडीचं शेपूट

मायरन कोस्त्युकने विनिपेगच्या ट्रान्सकोना यार्डातून उभा जन्म मालगाड्या हाकल्या, आणि त्या सगळ्या काळात मनापासून राग राग केला तो एकाच आवाजाचा. व्हर्ना पेल्ट्झचा. ती कंट्रोलमध्ये बसून रेडिओवर हुकूम सोडायची आणि दिवे लाल-हिरवे करायची. एका हिवाळ्यात, पुढचा रूळ मोकळा दिसत असताना, तिने त्याला एका गावाबाहेर ताटकळत ठेवलं. थर्मास संपला, सँडविच संपलं, तरी दिवा लालच. कारण तिने सांगितलं नाही, याने विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दोघं पुन्हा समोरासमोर आली ती कम्युनिटी हॉलच्या तळघरात. तिथे गुरुवारी दुपारी रेल्वेतली जुनी माणसं कॉम्प्युटरवर रेल्वे बांधायचा खेळ एकाच नकाशावर मिळून खेळतात. रूळ टाकायचे, सिग्नल लावायचे, खाणीतला माल कारखान्यात पोचवायचा. उत्तरेचं जंक्शन मायरनने बांधलं होतं. नोकरी सुटल्यापासून त्याच्या हातून उभी राहिलेली ती एकच गोष्ट, आणि ती सारखी तुंबत होती.

"हे उपटायचं," व्हर्ना सगळ्यांदेखत म्हणाली. "माझी कॉफी संपेपर्यंत चाललं नाही, तर बुलडोझर फिरवते."

"फिरव की. दुसऱ्याच्या वाटेत आडवं येण्याचाच पगार घेतलास तू."

"आणि तू नाकासमोर बघण्याचा!"

मायरनने तिच्याकडे पाठ केली आणि एकेक सिग्नल तपासला. सगळे ठीक. दोन रूळ एकमेकांना छेदतात तो चौक ओलांडून इंजिन दिव्यापाशी थांबत होतं. दिवाही ड्रायव्हरला छान दिसेल असा, चौक संपतो तिथेच लावलेला. मग आडव्या रुळावरची गाडी का अडते? त्याने नकाशा जरा मागे सरकवला.

मागचे डबे अजून चौकातच पडले होते.

जन्मभर त्याने गाडी पुढून पाहिली होती. शेपूट कुठे लोळतंय, ही काळजी दुसऱ्याच कुणाची. कुणाची, ते आठवलं, आणि त्या हिवाळ्यातल्या गावाचं रेल्वे फाटकही आठवलं. तेव्हा पुढे जाऊन पुढच्या दिव्यापाशी थांबला असता तर त्याचे डबे फाटकात आडवे राहिले असते, आणि गावाचं हॉस्पिटल होतं फाटकापलीकडे. त्याची कानशिलं तापली.

"काय, सापडलं?"

"तू कॉफी पी."

त्याने तो दिवा एका गाडीच्या लांबीइतका पुढे नेला. चौकाच्या तोंडाशी दुसरा लावला, पलीकडे अख्खी गाडी मावणार असेल तरच आत सोडणारा. असल्या दिव्यांना तो आजवर भित्र्यांचे दिवे म्हणत आला होता. पुढची गाडी आली आणि चौक रिकामा असूनही मुकाट थांबली. आडवी गाडी निघून गेली. मागोमाग आणखी एक. जंक्शन वाहू लागलं.

व्हर्नाने रिकामा कप खाली ठेवला. बुलडोझरला हात लावला नाही. "तेव्हा मी हेच—"

"गप्प बस."

या खेळात जागोजागी नावाच्या पाट्या लावता येतात. गाड्या थांबतात तिथे मायरनने पाटी लावली: 'वर्नाची कटकट'. ती चष्मा चढवून वाकली.

"माझ्या नावातलं एक अक्षर खाल्लंस."

"ठाऊक आहे," मायरन म्हणाला, आणि पाटी तशीच ठेवली.